व्हिसा नको, फाइल मात्र हवी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी!

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'भरपूर फिरलेले गृहस्थ' अशी करून दिली. भरपूर रांगा लावलेले गृहस्थ, एवढी दुरुस्ती करतो.

आमच्या घरात दोन देशांचे पासपोर्ट आहेत. मागे एका देशात आम्ही दोघं गेलो. मला व्हिसा लागत नव्हता, हिला लागत होता. हिनं बँकेचे तपशील, नोकरीचं पत्र, विमा, बोटांचे ठसे असे सगळे सोपस्कार केले. मी तिकीट काढून मोकळा. उतरल्यावर ही दोन मिनिटांत सुटली. मला विचारलं, "परतीचं तिकीट? राहणार कुठे?" कागद सगळे हिच्या पर्समध्ये, ही काचेपलीकडे सामानाच्या पट्ट्याजवळ, आणि माझा फोन बंद पडलेला!

व्हिसा माफ झाला तरी चौकशी माफ होत नाही, ती काउंटरवर येऊन थांबते. वकिलातीनं नकार दिला तर बहुतेक वेळा फीवर निभावतं. काउंटरवर नकार मिळाला की तिकीट, हॉटेल, रजा, सगळ्यावर पाणी.

तरीही ही सोय मोठीच. दूर देशी कुणी अचानक अंथरुणाला खिळलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रात्रीचं विमान पकडता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाकीचा जाच सोसायला तयार आहे.

जाच कसला, तेही सांगतो. अमेरिकेत व्हिसामाफीवर ९० दिवस राहता येतं, पण मुदतवाढ मागता येत नाही. रीतसर पर्यटक व्हिसा घेऊन आलेल्याला ती निदान मागता तरी येते. शिवाय २००९ पासून या माफीसाठीही आधी ऑनलाइन परवानगी घ्यावीच लागते.

दिलेली सवलत काढूनही घेतात. मेक्सिकोच्या लोकांना कॅनडानं २०१६ च्या डिसेंबरात व्हिसा माफ केला. आश्रयासाठीचे अर्ज वाढले, तसा २९ फेब्रुवारी २०२४ ला बहुतेकांसाठी पुन्हा लावला. इराणनं भारतीयांना दिलेली सूट २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली. तिथलं कारण ऐकून मला जास्त वाईट वाटलं: नोकरीचं आमिष दाखवून लोकांना तिथे न्यायचे आणि खंडणीसाठी डांबून ठेवायचे. व्हिसा नाही म्हटल्यावर एजंटाचं काम किती सोपं झालं असेल!

आता शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेला युरोपातल्या देशांचा गट. १९८५ मध्ये लक्झेंबर्गच्या शेंगेन नावाच्या गावाजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या बोटीवर करार झाला. आज एकदा आत गेलात की देशामागून देश बहुधा न थांबता ओलांडता येतात. आपली माणसं चुकतात ती दिवस मोजण्यात. 'नव्वद दिवस झाले की एक दिवस बाहेर जाऊन यायचं' हा समज साफ चुकीचा आहे. रोज मागचे १८० दिवस मोजतात; त्यांत मुक्काम ९० च्या वर जाता कामा नये. आल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही धरतात. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलात, तर पुन्हा पाऊल ठेवायचं ते थेट ३० जूनला. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी संगणकात नोंदी सुरू झाल्या आहेत, तेव्हा पुसट शिक्क्याच्या आडोशाला राहू नका.

ज्यांनी जूनच्या मध्याची तिकिटं काढली आहेत, त्यांनी मध्यंतरात मला भेटा. कॅलेंडर आणलंय.