सिद्धी लाभली, तरी मिरवायची नाही

नमस्कार श्रोतेहो.

राजगृहातल्या एका श्रेष्ठीनं, म्हणजे बड्या व्यापाऱ्यानं, चंदनाचं भिक्षापात्र कोरून घेतलं, उंच वेळूच्या टोकाला बांधलं आणि सांगून टाकलं की जो कुणी खरा ऋद्धिमान, म्हणजे अलौकिक शक्ती असलेला, असेल त्यानं ते उतरवून न्यावं. पिंडोल भारद्वाज नावाचे भिक्खू हवेत उठले, पात्र काढलं आणि नगरावरून तीन फेऱ्या मारल्या. लोक ओरडत मागे धावले. विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथातली, ही कथा. ते उडाले यावर कथेला शंका नाही. तरीही बुद्धांनी त्यांना खडसावलं. लाकडाच्या एका पात्रासाठी गृहस्थांपुढे ऋद्धी दाखवायची? पात्र फोडायला लावलं आणि त्याचं चंदन उगाळून भिक्खूंच्या अंजनात घालायला दिलं. वर नियमच केला की गृहस्थांना ऋद्धी दाखवायची नाही.

अलौकिक शक्तींवर बोलताना आपण लगेच 'खरं की खोटं' या वादात शिरतो. आज मला दुसऱ्या बाजूनं बोलायचं आहे. ज्या परंपरा अशी शक्ती मनापासून मानतात, त्यांनीच तिच्यावर सगळ्यात कडक बंधनं घातली आहेत. ती बंधनं श्रद्धावंतांनाच माहीत नसतात, आणि फसवणारा नेमका त्याचा फायदा घेतो.

विनयाची उतरंड बघा. अंगात नसलेली सिद्धी आहे म्हणून जाणूनबुजून सांगितली, तर तो पाराजिक, म्हणजे संघातून कायमची हकालपट्टी. खून आणि चोरी ज्या चार अपराधांच्या यादीत आहेत, त्याच यादीत हा चौथा. सिद्धी खरोखर आहे, पण दीक्षा न घेतलेल्या माणसाला सांगितली, तर पाचित्तिय, म्हणजे कबुली द्यावी लागणारा अपराध. प्रत्यक्ष करून दाखवली, तर दुक्कट, म्हणजे दुष्कृत्य. यांतले पहिले दोन नियम दर पंधरवड्याला, उपोसथाच्या दिवशी, सगळ्या भिक्खूंसमोर म्हटले जातात. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत पावसाळ्याचे महिने काढणारे भिक्खूही अशाच नियमांनी बांधलेले होते. लेण्याच्या ओट्यावर बसून भविष्य सांगायची त्यांना मुभा नव्हती.

आता योगाकडे येऊ. पतंजलींनी तर कृतीच दिली आहे. चित्त एका जागी बांधणं ही धारणा, तिथंच त्याचा अखंड प्रवाह हे ध्यान, आणि केवळ विषय उरून स्वतःचं भान विरलं की समाधी. ही तिन्ही एकाच विषयावर साधली की तो संयम. नाभिचक्रावर संयम केला की शरीररचनेचं ज्ञान, कंठकूपावर, म्हणजे गळ्याच्या खळगीवर, केला की भूक-तहान शमते, सूर्यावर केला की भुवनांचं ज्ञान, अशी मोठी यादी त्यांच्या योगसूत्रांच्या विभूतिपाद या तिसऱ्या भागात आहे. त्याच यादीच्या मध्येच एक सूत्र येतं: या गोष्टी समाधीच्या वाटेवरचे उपसर्ग, म्हणजे अडथळे आहेत, व्यवहारात वावरणाऱ्याला त्या सिद्धी वाटतात. साधना कुठे बिघडते तेही सांगितलं आहे. वरच्या लोकांतून, म्हणजे देवांकडून, आमंत्रणं येऊ लागली की दोन गोष्टी टाळायच्या, आसक्ती आणि 'मी कोण झालो' हा ताठा. नाहीतर घसरण पुन्हा सुरू.

आणि एक बारकावा, जो आपल्याकडे कुणी फारसा सांगत नाही. सिद्धी येण्याचे पाच मार्ग पतंजली देतात: जन्म, औषधी, मंत्र, तप, समाधी. यात औषधीही आहे! म्हणजे शास्त्राप्रमाणेच, एखाद्याच्या हातून नवल घडलं एवढ्यावरून तो साधुपुरुष ठरत नाही. मला हे सूत्र फार मोलाचं वाटतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अठरा सिद्धी मोजल्या आहेत, आठ मोठ्या आणि दहा लहान. तिथं त्या भगवंताच्या धारणेतून मिळतात, म्हणून देणगी. पण देणारा भगवंतच म्हणतो की माझ्याकडे येणाऱ्याला हे अडथळे आहेत, यांत फुकट वेळ जातो. एकनाथ महाराजांनी हा सगळा स्कंध मराठीत आणला, १५७३ साली काशीत तो पूर्ण झाला. वारकऱ्यांना ही शिकवण काही नवी नाही. तुकोबांनी तर रोखठोक सांगून ठेवलंय: 'दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी ॥'

ख्रिस्ती परंपरेत पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या नऊ देणग्या येतात. आरोग्यदान, भविष्यवाणी, अन्य भाषांत बोलणं वगैरे. लगेच चौदाव्या अध्यायात शिस्त: अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा कुणी नसेल तर गप्प बसायचं.

कॅथलिक चर्च आजही बरं होण्याचा चमत्कार सहजासहजी मानत नाही. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होतं का, उपचारांनी ते झालं असेल का, हे आधी डॉक्टर तपासतात. २०१६च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय मंडळात सात तज्ज्ञ बसले तर किमान पाच जणांचं मत जुळावं लागतं. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द उच्चारत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचं कारण देता येत नाही, इतकंच ते लिहितात. मग धर्मपंडित, मग कार्डिनल आणि बिशप, शेवटी पोप. मदर तेरेसांना २००३मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी, आणि २०१६मध्ये संत घोषित केलं ते याच वाटेनं, दोन वेगवेगळ्या प्रकरणांची तपासणी होऊन. आणि दोन्ही घटना त्यांच्या मृत्यूनंतरच्या.

सूफी परंपरेत पैगंबराच्या हातून चमत्कार घडला तर तो मोजिझा, वलीच्या म्हणजे संताच्या हातून घडला तर ती करामत. पैगंबरानं तो लोकांपुढे आणायचा, वलीनं ती झाकायची. तिसरा प्रकारही आहे, इस्तिद्राज: दुराचारी माणसाच्या हातून नवल घडतं, पण ती त्याला मिळालेली ढील असते, कृपा नव्हे. माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे कुराणाचे भाष्यकार, मोठे विद्वान. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांच्या संदलाला पहिला मान असतो.

माहीमला त्यांच्या दर्ग्यावर चादर चढवा, नाहीतर वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या पायऱ्यांजवळच्या टपरीवरून मेणाचा हात, पाय, बाळ, घर, जे दुखणं वा मागणं असेल ते, विकत घेऊन वर अर्पण करा. दोन्हीकडे मागणं ज्याच्याकडे, तो तुमच्यासमोर गादी टाकून बसलेला नसतो. मध्ये कुणी असला तरी शक्ती त्याची मानत नाहीत. नवसात आणि बुवाबाजीत हा फरक मला सगळ्यात कामाचा वाटतो.

कारण लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या पत्रकांत नेमकं उलट असतं. 'चोवीस तासांत काम', 'खात्रीशीर', मोबाइल नंबर, आणि भेटायची जागा. पहिली भेट स्वस्त, मग दोष निघतो, मग पूजेचं सामान त्याच्याकडूनच, मग 'घरी कुणाला सांगू नका'. पुरावा म्हणून ताटातली हळद लाल होते. हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती लालच होते, हे स्वयंपाकघरात करून बघता येतं.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३मध्ये मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांच्या प्रचारानं फसवणं वा धाक घालणं, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं, बोटांनी शस्त्रक्रिया करतो म्हणणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायलाही मोकळीक आहे.

तक्रार करायची वेळ आली तर पत्रकाचा फोटो, फोनवरचे मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद पुसू नका. रोख दिले असतील तर तारीख, रक्कम आणि सोबत कोण होतं ते लगेच लिहून ठेवा. आजारपणाची बाब असेल तर जुने रिपोर्ट जोडा, औषधं कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद केली तेही लिहा, आणि ती औषधं पुन्हा सुरू करायला त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.