शंभर किलोमीटरच्या आधीचे महिने

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

नोव्हेंबरपासून जो भेटतो तो एकच विचारतो: शंभर किलोमीटर चाललात तरी कसे? आज माइक हातात आहे, पण मी त्या दोन दिवसांवर फारसं बोलणार नाही. बोलायचंय ते त्याआधीच्या सरावाबद्दल. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला हा सराव घरच्यांशिवाय कुणी पाहिला नाही, आणि यंदा मंडळाची नवी टीम उभी करायची तर माहिती लागणार ती त्याचीच.

हाँगकाँगला नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगते. आम्ही चाललो तो ट्रेलवॉकर म्हणजे मदतनिधी जमवण्यासाठी टीमने शंभर किलोमीटर चालायचा उपक्रम. त्याची सुरुवात १९८१ साली इथल्या गुरखा सैनिकांनी केली, स्वतःच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून. १९८६ पासून सामान्य नागरिकांनाही त्यात येता आलं आणि पुढे ऑक्सफॅम हाँगकाँग या मदतसंस्थेने तो सगळा उपक्रम सांभाळला. जमणारा निधी गरिबीशी झगडणाऱ्यांसाठी आणि आपत्तीत सापडलेल्यांसाठी जातो. वाटेचा मोठा भाग मॅक्लेहोस ट्रेलवरून जातो. ही पायवाट १९७९ साली खुली झाली. साय कुंगजवळच्या पाक ताम चुंगपासून पश्चिमेला ट्यून मुनपर्यंत शंभर किलोमीटर, दहा टप्पे, आणि दर पाचशे मीटरला आकडा लिहिलेला खांब. शेवटचा खांब दोनशेचा.

नियम साधा आहे. टीम चौघांची, आणि चौघांनी मिळून ४८ तासांच्या आत पोहोचायचं. पुढे पळून गेलेल्याला काही मिळत नाही. आमचा सगळा सराव शेवटी या एका नियमाभोवती फिरला.

आमच्या टीममध्ये साठी ओलांडलेले काका होते, नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण होता, एक वहिनी आणि मी. मार्च-एप्रिलमध्ये सगळं सोपं वाटलं. हवा दमट, डोंगरावर धुकं, पण ऊन नाही. पहिला टप्पा हाय आयलंड जलाशयाच्या कडेने जातो, जवळपास सपाट आणि पक्का रस्ता. पूर्वेकडच्या धरणापाशी ते सहा कोनांचे दगडी खांब उभे आहेत. ज्वालामुखीची राख थंड होताना तडकून झालेले. ते पाहत पाहत चालताना वाटतं, शंभर म्हणजे असे दहा टप्पे, त्यात काय एवढं? त्या दिवसांतला आमचा उत्साह मला आजही आवडतो. तो टिकणारा नव्हता, पण त्याच्याशिवाय कुणी सुरुवातच केली नसती.

पहिली अडचण चढावर आली नाही, उतारावर आली. इथल्या डोंगरांना सिमेंटच्या आणि दगडी पायऱ्या फार. चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. त्याला बारीक बारीक इजा होते आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. सोमवारी एमटीआरच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्याशी कठडा धरून उभं राहायची वेळ आम्हा चौघांवर आली. पण हाच उतार काही आठवड्यांनी पुन्हा केला की तेवढं दुखत नाही, स्नायू सरावतो. म्हणून नव्या टीमला माझं पहिलं सांगणं: चढाचा सराव सगळेच करतात, तुम्ही उताराचाही करा. आपण राहतो त्या उंच इमारतींचे जिने याला उत्तम. लिफ्टने वर जा आणि पायी उतरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी एवढं पुरतं.

मे महिन्यात वहिनींचा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखू लागला. सपाटीवर काही नाही, उतार लागला की कळ. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारी पट्टी चिडली आहे, कंबरेचे स्नायू अशक्त असले की असं होतं. चालणं बंद, व्यायाम सुरू. ते आठवडे वहिनींना फार जड गेले. त्या रविवारी पहाटे उठून आम्हाला पाठवायला खाली यायच्या, पाण्याच्या बाटल्या भरून द्यायच्या आणि परत घरी जायच्या. टीममधून नाव काढा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आम्ही काढलं नाही. त्यांनी पोहणं धरलं, कंबरेचे व्यायाम नेमाने केले, दोन काठ्या घेऊन उतरायला शिकल्या, आणि जुलैत परत आल्या. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. नंतर आम्हा सगळ्यांच्याच हातात त्या आल्या.

आता उन्हाळा. कोकणातल्या मे महिन्याची ज्यांना आठवण आहे त्यांनी तो दमटपणा डोळ्यांसमोर आणावा, आणि त्यात पाठीवर पिशवी घेऊन पायऱ्या चढाव्यात. पहाटे निघालं तरी नऊच्या आत अंगावरचे कपडे पिळून घ्यावेत असे होतात. घाम वाळतच नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. पुष्कळ पाणी प्या, असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं आहे. घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, म्हणून तो आणखी पाणी पितो आणि प्रकृती आणखी बिघडते. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, ओआरएस, कोकम, खारट ताक, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उगाच नाही.

ऑगस्टमध्ये चौथ्या टप्प्यावर, मा ऑन शानच्या खिंडीकडे चढताना, काका बोलायचे थांबले. काका म्हणजे वाटेत सतत काही ना काही सांगणारा माणूस. तरुणाने ते हेरलं. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पावलं वेडीवाकडी पडत होती. सावलीत बसवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं, घोट घोट ओआरएस दिलं, आणि बरं वाटल्यावर आल्या वाटेने हळूहळू उतरलो. त्या दिवसाचं चालणं तिथेच संपलं. काका खाली आल्यावर म्हणाले, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको म्हणून बोललो नाही.

मंडळी, आपल्या पिढीतल्या बहुतेकांना असंच वाढवलंय. दुखलं तर सांगू नये, दुसऱ्याला त्रास होईल. घरात हा गुण असेल. चौघांनी एकत्र पोहोचायचं असतं तेव्हा तो धोका आहे. लपवलेला एक फोड दहा किलोमीटरनंतर चौघांना थांबवतो. त्या रविवारनंतर आम्ही दर तासाला हजेरी घ्यायला लागलो: पाणी, पाय, पोट. प्रत्येकाने या तिन्हींबद्दल एकेक वाक्य बोलायचं, आणि 'ठीक आहे' हे उत्तर चालणार नाही. किती प्यायलो, कुठे चुरचुरतंय, भूक लागतेय की नाही. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, वहिनींना तर फारच. पण नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं शेवटपर्यंत गेलो याचं मोठं कारण ही हजेरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट काकांमुळे आली. ते तरुणपणी आळंदीहून पंढरपूरला माउलींच्या पालखीबरोबर चालले आहेत. ते म्हणाले, वारीत विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जायचं तो दिवस सगळ्यांत लांबचा, पण त्या दिवशीही दमलो म्हणून कुणी हवं तिथे बसत नाही. जिथे विसावा तिथे सगळे बसतात. आम्ही ते उचललं. दमण्याची वाट पाहायची नाही, ठरलेल्या वेळी ठरलेली मिनिटं थांबायचं. बूट-मोजे काढायचे, पाय वाळू द्यायचे, जिथे लाल झालंय तिथे लगेच पट्टी लावायची, खायचं, उठायचं. ओल्या कातडीला घर्षण लागलं की फोड येतो, म्हणून दर विसाव्याला कोरडे मोजे. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण लांब चालल्यावर पाऊल सुजतं. नखं आधी कापून ठेवा.

सप्टेंबरने पुष्कळ दिवस खाल्ले. वादळाच्या इशाऱ्याचा आठ नंबरचा बावटा लागला की डोंगर बंदच. मुसळधार पावसाच्या लाल-काळ्या इशाऱ्यांनंतर वाटा निसरड्या होतात, दरडीही येतात. तेव्हा आमचा तरुण अस्वस्थ झाला. त्याला वाटत होतं, आपण मागे पडतोय, पुढच्या रविवारी दुप्पट चालू. मी तयार झाले नाही. चुकलेला रविवार चुकला. तो भरून काढायला गेलं की दुखापत होते. अंतर हळूहळूच वाढवायचं आणि दर तीन आठवड्यांनंतर एक हलका आठवडा ठेवायचा. स्नायू विश्रांतीत बळकट होतात. शेवटचे दोन-तीन आठवडे तर अंतर कमीच करत न्यायचं. तेव्हा पाय शिवशिवतात, मनात शंका येतात, पण घरी बसायचं.

ऑक्टोबर मात्र सुखाचा. हवा कोरडी झाली, आणि उन्हाळ्यात जो डोंगर जीव काढत होता तो अचानक सोपा वाटू लागला. मग आम्ही रात्रीचे निघायला लागलो. नोव्हेंबरमध्ये इथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे जवळजवळ निम्मी वाट हेडलॅम्पच्या उजेडात. रात्री पायऱ्यांची खोली कळत नाही, झोपेने डोळे मिटतात, थोड्याशा कारणावरून माणूस चिडतो. हे आधी अनुभवलेलं बरं. लायन रॉक, बीकन हिलच्या बाजूने रात्री जाताना खाली कौलून हा सगळा शहरी भाग दिव्यांनी उजळलेला दिसतो. पंधरा वर्षांहून अधिक काळ या शहरात राहूनही मी ते असं पाहिलं नव्हतं. पुढच्या वाटेवर माकडं फार. तिथे हातात पिशवी दिसली की ती गेलीच, म्हणून खाऊ पाठीवरच्या पिशवीच्या आतच ठेवायचा. आणि त्यांना खायला घालू नका, इथे तो गुन्हा आहे.

खाण्याबद्दल वहिनींनी मला बजावून ठेवलंय, विसरू नकोस म्हणून. पहिल्या पन्नास किलोमीटरला गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी उत्तम. त्यानंतर गोडाचा वीट येतो. जीभ खारट, आंबट मागते. तेव्हा थालीपीठ, लोणचं, भडंग. आणि मध्यरात्री मऊ भात, मेतकूट, तूप. हे आम्ही सरावात एकेक करून पाहिलं होतं. ऐन दिवशी नवा पदार्थ पोटाला द्यायचा नाही, नवे बूट पायाला द्यायचे नाहीत.

शिंग मुन जलाशय येतो बासष्ट किलोमीटरच्या आसपास. तिथून नीडल हिल, मग ग्रासी हिल, मग ताय मो शान, ९५७ मीटर, हाँगकाँगचं सर्वांत उंच ठिकाण. म्हणजे सगळ्यांत कठीण चढ सगळ्यांत थकलेल्या पायांना. शिंग मुनला मंडळाची माणसं रात्री उशिरा गरम भाताचे डबे घेऊन बसली होती. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते: तुम्ही तिथे नसता तर मी नीडल हिल चढले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एकत्र पोहोचलो.

काहींनी मला प्रेमानेच विचारलं, निधीच द्यायचा तर सरळ द्यावा, चालायचं कशाला? प्रश्न योग्य आहे. जो सरळ देतो त्याने जरूर सरळ द्यावं. पण मागायला जाताना माझा अनुभव असा की, नुसती पावती पुढे केली की लोक दहा कारणं सांगतात. दर रविवारी पहाटे डोंगर चढणाऱ्या काकांना पाहिलेला माणूस स्वतःहून विचारतो, किती देऊ? दिवाळीत आपल्या काकू-मावशींनी चकल्या-शंकरपाळे विकून सगळी रक्कम दिली. त्यांतल्या कित्येक जणी कधी कुठल्या डोंगरावर गेल्या नसतील. सराव लांबतो म्हणून त्यात एवढी माणसं सामील होऊ शकतात. एका चेकने हे झालं नसतं.

तर आता पुढचं. यंदा मंडळाच्या दोन टीम व्हाव्यात असा माझा आग्रह आहे, आणि एक तरी टीम चाळिशी-पन्नाशीच्या बायकांची. वय आड येत नाही, काकांना विचारा. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पहिलं चालणं फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता चोई हुंग स्टेशनला जमून तिथून साय कुंग, मग ९४ नंबरच्या बसने पाक ताम चुंग. पहिला टप्पा, १०.६ किलोमीटर, फक्त तेवढाच. येताना दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि वापरलेले बूट. नावं चिटणीसांकडे द्या. ज्यांना चालणं शक्य नाही पण नोव्हेंबरमधल्या एका रात्री शिंग मुनला डबे घेऊन जागता येईल, त्यांनीही आजच नाव द्या. ती यादी चालणाऱ्यांच्या यादीच्या आधी भरायची आहे.