चालवून बघणारा कोण आहे?

(कोल्हापुरात संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दुर्मीळ हार्डवेअर ऑपरेटिंग सिस्टिमनं कुठवर सांभाळायचं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं: वापरणारे किती आहेत ते मोजा. मला हे पटत नाही. आयबीएमचे मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक, जगात असून असून किती असणार? तरी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यांचा कोड ठणठणीत आहे, कारण खुद्द आयबीएमची पगारी माणसं तो सांभाळतात. इटॅनियम या प्रोसेसरच्या पाठीशी इंटेल आणि एचपी होत्या. पुढं सांभाळायला कुणी उरलं नाही, आणि लिनक्सच्या 6.7 आवृत्तीत त्याचा कोड गेला. 2018 मध्ये 4.17 आवृत्तीतून तर एका फटक्यात आठ आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरच्या जाती, काढली. ब्लॅकफिन, टाइल, मेटॅग... कुणी ऐकलीत तरी का ही नावं?

इंटेलच्या 386 या जुन्या प्रोसेसरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. 1991 साली लिनक्स जन्मलं ते 386वर. पण 'या जागी अजून जुनीच किंमत असेल, तरच नवी लिही' हे काम एका दमात करणारी सूचना (इन्स्ट्रक्शन) 386मध्ये नाही. ती त्याच्या पुढच्या 486पासून आली. अनेक प्रोसेसर एकाच मेमरीत हात घालतात, तेव्हा लॉकिंगचा, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडण्याचा, बराच डोलारा अशा सूचनांवर उभा असतो. शिवाय, मेमरीच्या फक्त वाचायच्या पानावर कर्नलनंच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंच, लिहायला घेतलं, तर 386 त्याला अडवत नाही. त्यामुळं गाभ्यात काही बदलायचं म्हटलं की दरवेळी 386साठी वेगळी सोय करा. शेवटी डिसेंबर 2012मध्ये त्याला निरोप दिला. कोपऱ्यात गुमान पडलेला ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या उपकरणापुरता कोड, कुणाच्या पायात येत नाही. असं गाभ्यात घुसलेलं हार्डवेअर महाग पडतं.

उलटही असतं बरं का, दुर्मीळ हार्डवेअर कामालाही येतं. स्पार्क या प्रोसेसरवर चार बाइटचा आकडा मेमरीतल्या चारनं भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचायला गेलात, तर प्रोग्रॅम तिथंच पडतो. इंटेल बहुतेक वेळा खपवून घेतो. म्हणजे स्पार्कवर चालवून बघितलं की इंटेलवर झाकलेली चूक उघडी पडते.

आता आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत या. एखाद्या शॉपमध्ये सीएनसी राउटरशेजारी (संगणकाच्या हुकमावर कापकाम करणाऱ्या मशिनशेजारी) कळकट पीसी असतो, त्यावर ते मशिन चालवणारा लिनक्ससीएनसी प्रोग्रॅम. मागच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टातून पायरीपायरीनं फिरणाऱ्या स्टेपर मोटरला पल्स, म्हणजे विजेचे ठोके, जातात. तिथं यूएसबीचा अॅडॅप्टर लावून भागत नाही. यूएसबी माल गठ्ठ्यानं पाठवते, आणि पल्स तर ठरल्या क्षणालाच पोचायला हवी. हा पीसी नेटला जोडलेलाच नसतो. मग तुमच्या मोजणीत तो येणार कसा?

2019मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर 'अनाथ', म्हणजे सांभाळणारा कुणी नाही, असा शिक्का बसला होता. चालू फ्लॉपी ड्राइव्हच मिळेना, तर तपासणार कशावर? पुढं एकानं जबाबदारी घेतली आणि तो टिकला.

तुमच्या ओळखीच्या शॉपमध्ये असा पीसी असेल, तर त्याच जातीचं जुनं मशिन मिळवा आणि कर्नलची कच्ची आवृत्ती त्यावर चालवून बघा. चालू कामाच्या मशिनवर नको, मालक हाकलून देईल. बिघडलं तर मेन्टेनरला, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याला, ईमेल लिहा, पण लॉगसकट, म्हणजे मशिननं केलेल्या नोंदींसकट. नुसतं 'चालत नाही हो' म्हटल्यावर तो बिचारा काय करणार?