सोनभद्रचे सोने आणि डिचोलीचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

'नवी सोन्याची खाण, आत्ताच शेअर घ्या' असा निरोप तुमच्याही मोबाइलवर आला असेल. सोने नसेल तर लिथियम. निरोपात खाण म्हटलेले असते, पण तिथे बहुधा खाण नसतेच. असते ती एक टेकडी, नमुने काढायला पाडलेली चार-दोन बोअर आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक.

जवळ पेन्सिल असेल तर घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात ३,००० टनांहून जास्त सोने सापडल्याची बातमी देशभर फिरली. लगेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला खुलासा करावा लागला. तिथे खनिज होते सुमारे ५२,८०६ टन आणि टनामागे सोने ३.०३ ग्रॅम. आता गुणाकार करा. उत्तर येते १६० किलो! तेही दगडातले, गाळून हाती लागणार त्याहून कमी. म्हणून 'माल किती' हे सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न ग्रेडचा, म्हणजे दगडात धातू किती याचा, विचारायचा. ग्रेडवर भाव कसा फिरतो, हे लोहखनिजाचा धंदा पाहिलेल्या गोव्यातल्या माणसाला मी काय सांगावे?

ग्रेडमध्येही खुबी असते. 'बोअरमध्ये ४० मीटरपर्यंत सरासरी टनामागे २ ग्रॅम सोने' असे वाचले की बरे वाटते. पण त्यातल्या एकाच मीटरला ७५ ग्रॅम लागले असतील, तर उरलेल्या ३९ मीटरांत जवळजवळ काही नाही. सरासरी खरी, चित्र खोटे. प्रत्येक मीटरचा तक्ता मागावा.

मग पायरी पाहावी. आपल्याकडे शोधाच्या चार पायऱ्या आहेत. जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे तपशीलवार शोध. जम्मूतल्या रियासीचे ५९ लाख टन लिथियम-खनिज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले ते जी-३ वर, म्हणजे अनुमानित साठा. वाहिन्यांवर देश त्याच रात्री श्रीमंत झाला. पुढे लिलाव झाला, आणि पुरेसे बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. ज्यांना खाणकाम कळते, त्यांनी हात आखडता घेतला होता.

नमुना कोणी तपासला, हेही महत्त्वाचे. इंडोनेशियातल्या बुसांगला ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने अफाट सोने दाखवले. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा नमुन्यांत सोने बाहेरून मिसळल्याचे निघाले. बोअरमधून निघणारा दगडाचा कांब उभा चिरून अर्धा जपून ठेवण्याची रीत आहे, म्हणजे पुन्हा तपासता येते. बुसांगला सगळाच भुगा केला जात होता. एवढी एक गोष्ट कोणी वेळेवर विचारली असती तर!

आता आपल्या घरचे. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे इथे लोहखनिज आहे की नाही, ही शंका कोणालाच नव्हती. लोकांनी कर्जे काढून ट्रक घेतले, खनिज वाहणाऱ्या बार्जेस घेतल्या. तरी २०१२ मध्ये खाणकाम थांबले. पुन्हा सुरू झाले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे, म्हणजे खाणकामाच्या भाडेकरारांचे, नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबले. माल जागच्या जागी होता. बिनसले ते कागदावर. पुढे लिलावात पट्टे मिळवणाऱ्यांनाही पर्यावरण परवाना नव्याने घ्यावा लागला.

ट्रकवाल्याची ही गत, तर बोअरच्या टप्प्यावरच्या कंपनीची काय सांगावी? तिला उत्पन्न नसते. खर्च भागवायला ती पुन्हापुन्हा नवे शेअर काढते आणि तुमचा वाटा पातळ होत जातो. तेव्हा तिजोरीत किती महिन्यांचा पैसा आहे, तेही विचारावे. आणि देशातल्या प्रकल्पाबद्दल 'परवाने प्रक्रियेत आहेत' असे कोणी म्हटले, तर अर्जाचा क्रमांक मागा. पर्यावरण परवान्याचे अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर कोणालाही पाहता येतात.

नमस्कार.