फाटकावरून पुढे गेलेली जीप

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला विषय दिला आहे 'आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय काय मिळतं', आणि वेळ दिली आहे पाऊण तास. यादी सांगणारच आहे. पण आधी एका जीपची गोष्ट ऐका.

मी तेव्हा कोकणातल्या एका केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. जुलै महिना, भाताची लावणी चाललेली. तिन्हीसांजेला बांधावर एका माणसाला घोणस चावली. चाळिशीच्या आतला माणूस. घरच्यांनी भगताकडे नेलं नाही, कुणी जखम चिरली नाही, आवळून दोरी बांधली नाही. आपण इतकी वर्षं जे सांगत आलो ते सगळं त्यांनी ऐकलं. शेजाऱ्याची जीप काढली आणि निघाले तालुक्याला, ३५ किलोमीटर.

तो रस्ता आमच्या फाटकावरूनच जातो. व्हरांड्यात दिवा होता, सिस्टर ड्यूटीवर होत्या, मी मागे क्वार्टरमध्ये जेवायला बसलो होतो आणि कपाटात सापाच्या लशीच्या २० बाटल्या होत्या. जीप थांबली नाही. तालुक्याच्या एका खाजगी रुग्णालयात आधी पैसे भरायला सांगितले, मग लस नाही म्हणून जिल्ह्याला पाठवलं. लस सुरू झाली तेव्हा साडेचार तास उलटून गेले होते. माणूस वाचला, पण मूत्रपिंडं गेली. पुढे डायलिसिस मागे लागलं.

महिन्याभराने त्याचा भाऊ मला भेटला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं साप चावल्यावरचं औषध असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाय. आम्हाला वाटलं, तिथं पोलिओचे थेंब आणि बायकांचं ऑपरेशन." त्याचा काही दोष नव्हता. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री आम्ही काय केलं असतं? काचेची एक कोरडी, स्वच्छ परीक्षानळी घेतली असती, तीत दोन मिलिलिटर रक्त काढून २० मिनिटं न हलवता उभी ठेवली असती. २० मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर निकाल फसतो. मग १० बाटल्या सलाइनमधून तासाभरात. लहान पोरालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. याला यंत्र लागत नाही, वीजसुद्धा लागत नाही. मुंबईच्या हाफकिनसारख्या ठिकाणी बनणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते.

विंचवाचंही सांगतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६च्या सुमाराला एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावसकर. लाल विंचू चावून माणसं पटापट मरायची. त्यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर लागू पडते, हे जगाला दाखवलं. 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाने ते छापलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. आणि ज्यांच्या समितीच्या १९४६च्या अहवालातून ही केंद्रं उभी राहिली, ते सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे. म्हणजे ही आपल्या घरची गोष्ट आहे हो. तिच्या दारावरून आपण का जातो?

माझं म्हणणं एवढंच आहे. यादी केंद्राच्या भिंतीवर रंगवलेली असते, पण जो आत येतच नाही तो ती वाचणार कधी? ती ग्रामसभेत वाचली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दरवेळी आरोग्य सेविकेने उभं राहून सांगायचं: आज कपाटात सापाची लस किती आहे, कुत्र्याची किती, रात्री कोण असतं. नसेल तर नाही म्हणायचं. मग गाव विचारेल, का नाही?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. भरभर सांगतो, लिहून घ्या. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र, त्याखाली उपकेंद्रं. प्रसूती रात्रीअपरात्रीही होते, फुकट. बाळांच्या लशी. कुत्रं चावलं तर आधी १५ मिनिटं साबणपाण्याने धुवा आणि लगेच या. बेंबीजवळची ती १४ इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासा. क्षयाचं औषध मोफत आणि उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये पोषणासाठी. तिशी ओलांडली की रक्तदाब, साखर. पाळणा लांबवायला तांबी, अंतरा इंजेक्शन. जुलाबाला ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, त्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. केसपेपरला १५ ऑगस्ट २०२३पासून पैसे नाहीत. गाडीसाठी १०८, बाळंतिणीसाठी १०२.

मानसिक आजाराचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. सरपंचताई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. ताई, येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. पहिली यादी वाचायला सेविकेबरोबर मी उभा राहतो.