अडलेला फेरफार

मे महिन्याच्या अखेरीस तलाठी कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला खरिपाचे पीक कर्ज हवे असते आणि त्यासाठी वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे चढलेली असावी लागतात. पाऊस आपल्यासाठी थांबणार नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्याच्या टेबलावर अर्ज पडला आहे, त्यालाही ते ठाऊक असते. ‘चहापाण्याचं बघा’ हे शब्द नेमके येथे उच्चारले जातात.

भ्रष्टाचाराचे कारण म्हणून माणसाच्या हव्यासाकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण तेवढ्याने ही अडवणूक उलगडत नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, नोंद धरल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हरकत आलेली नसतानाही कागद का पडून आहे, हे अर्जदाराला कळत नाही, आणि त्या न कळण्यातच मागणीला जागा मिळते. कामातील दिरंगाई हे लाचेचे मोठे कारण असल्याचे भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या संथानम समितीने १९६४ सालीच नोंदवले होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता १५ रुपयांत संगणकावर निघतो, त्यामुळे निदान त्या उताऱ्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. माणसे तीच राहिली, मधली खिडकी तेवढी गेली.

व्यवसायात हीच निकड व्याजाच्या रूपाने येते. परवानगीसाठी थांबलेल्या बिल्डरच्या कर्जावर रोज व्याज चढते, म्हणून दिलेली रक्कम तो बांधकामाच्या खर्चात धरतो आणि अखेर ती घर घेणाऱ्याच्या हप्त्यातून वसूल होते. शेतकऱ्याला मात्र ती कोणावरच ढकलता येत नाही. याहून गंभीर व्यवहार तो, ज्यात नियमाने मिळणारच नाही अशी परवानगी विकत घेतली जाते, कारण तेथे दोन्ही बाजूंचा लाभ असल्याने तक्रार करायला कोणी उरत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावे लागते. १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते, लाच घेताना पकडण्यासाठी सापळाही लावला जातो. पुढे खटल्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, न्यायालयात पंच फितूर होऊ शकतात, तारखा पडत राहतात. आणि तक्रारदाराला पुढच्या प्रत्येक नोंदीसाठी त्याच कार्यालयाची पायरी चढावी लागते.