गोळी रात्री आठला

[दृश्य: रावेरजवळची केळीची बाग, सकाळचे सहा. मजूर टेम्पोतून उतरताहेत.]

जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. मागचे दोन आठवडे कसे गेले, ते ती माणसाला विचारते. झोप समाधानाची होते का? गरजेपुरते पैसे हातात असतात का? मित्रांची साथ मिळते का? जायला-यायची सोय आहे का? कानात आवाज येतात का, हे मात्र त्यात कुठेच नाही.

सायकोसिस म्हणजे भास आणि संशयात खऱ्याखोट्याचं भान सुटणं. त्यातून सावरणाऱ्या मुलाच्या घरी बरोबर उलटं चालतं. आवाज बंद झाले, संशय गेला, रात्रीचा आरडाओरडा थांबला, की घरचे म्हणतात, सुटलो. दोन महिन्यांनी नवी तक्रार सुरू होते: अकरापर्यंत लोळतो, अंघोळीला दहादा सांगावं लागतं, ओट्यावर कुणी आलं की आत निघून जातो. आळशी झालाय.

आळस नाही तो. हा आजार बहुतेकदा १५ ते ३० या वयात पहिल्यांदा दिसतो. बारावी, आयटीआय, सुरतची पहिली नोकरी, स्थळं बघणं, सगळं याच वयातलं. औषधानं भास आणि संशय काही आठवड्यांत ओसरतात. मन न लागणं, बोलणं आटणं, वाचलेलं डोक्यात न टिकणं हे मागे उरतं आणि त्यावर गोळी फारशी चालत नाही. सोबत उदासी येते. जगणं खालावतं ते जास्त करून या उरलेल्या गोष्टींनी.

[दृश्य: सात कप्प्यांची गोळ्यांची डबी, अगदी जवळून. मंगळवारचा कप्पा उघडा.]

आधी गोळीची वेळ. ओलान्झापिन हे या आजारावरचं औषध झोप आणतं, म्हणून ते रात्री देतात. घरात जेवण नऊला, मग मालिका, गोळी अकराला. सकाळी सहाला बागेत पोचायचं, तर अंगावरची झापड उतरलेली नसते. तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, आठला घेतली तर सकाळची झापड कमी होऊ शकते. डॉक्टरांना विचारून करायचा हा बदल फुकटचा आहे, पण तो सुचवायला कुणी सकाळचं काम काय असतं हे विचारलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट पायांची. काही औषधांनी माणूस एका जागी बसू शकत नाही. पाय हलत राहतात, घरात येरझाऱ्या सुरू होतात. घरच्यांना वाटतं आजार चढला. ते तसंच सांगतात, डोस वाढतो, येरझाऱ्या आणखी वाढतात. तपासणीत "अस्वस्थ आहे" एवढंच सांगू नका. कधीपासून, नवी गोळी किंवा वाढलेला डोस सुरू झाल्यावर किती दिवसांनी, आणि तो स्वतः काय म्हणतो, ते सांगा. "पाय ठेववत नाहीत" असं तो म्हणत असेल, तर ते बहुधा औषधाचं आहे.

दवाखान्यात कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. ज्याचा संशय नुकताच विरलाय, त्याच्या हातावर अचानक वेगळ्या रंगाची गोळी पडली तर तो ती घेईल कशी? जुनं पाकीट जपून ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम दोघांनी मिळून ताडून बघा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. क्लोझापिन हे याच आजारावरचं दुसरं औषध चालू असेल आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुन्या डोसवर थेट परतायचं नाही. ते पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं. त्याच्या रक्ततपासण्याही ठरल्या तारखेला.

[दृश्य: मे महिना, दुपारचा एक. रिकामा रस्ता, शेडखाली बसलेली गुरं.]

आता खान्देशचा उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. सायकोसिसवरची बरीच औषधं शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा ढिली करतात. अंगाचा ताठरपणा कमी करायला दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. दोन्ही गोळ्या पोटात आणि माणूस भर दुपारी रानात, असं झालं की ऊन लवकर लागतं. मार्च ते जूनमध्ये काम सकाळी दहापर्यंत आटपायचं, पाण्याची बाटली त्याच्याच कमरेला असू द्यायची. तहान त्याला उशिरा कळू शकते. अंग तापलंय, घाम नाही, बोलणं असंबद्ध, हातपाय लाकडासारखे ताठ: ही दवाखान्यात धावायची वेळ. तेव्हा "परत आजार उलटला" म्हणून घरी थांबू नका.

वजनाचं थोडक्यात. औषध सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी. किलो-किलोनं वाढायला लागलं तर तेव्हाच डॉक्टरांना दाखवायचं. दहा किलो वाढल्यावर ते उतरवणं फार अवघड, आणि चिडून गोळी बंद करणाऱ्यांत वजनाचा वाटा मोठा असतो. बिडीचा धूर ओलान्झापिन आणि क्लोझापिन रक्तातून लवकर घालवतो, त्यामुळे बिडी सोडली की तेवढ्याच गोळीचा असर वाढतो. सोडावीच, पण डॉक्टरांना कळवून. हे धुराचं आहे, तंबाखूचं नाही. गुटख्याला हा हिशोब लागत नाही. गांजा मात्र पूर्ण बंद.

[दृश्य: केळीचं पॅकिंग. फण्या पाण्यात पडताहेत, काट्यावर पेटी.]

कामावर कसं परतायचं? इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही. केळी कापणीची टोळी एका लयीत चालते: एक घड उतरवतो, दुसरा खांद्यावर घेतो, तिसरा गाडीत लावतो. मधला एक मंदावला की सगळे खोळंबतात, आणि टोमणा ठरलेला. ज्याचं लक्ष अजून अर्धा तासच टिकतं त्याला तिथे घालू नका. त्याच शेडमध्ये फण्या धुण्याचं काम आहे, निर्यातीची १३ किलोची पेटी भरण्याचं आहे. यात पायऱ्या वेगळ्या काढता येतात. पहिला आठवडा फक्त धुणं, रोज दोन तास. मग वजन. मग भरणं, कुठली फणी तळाला, कुठली वर, यात आठवण आणि निर्णय दोन्ही लागतात, म्हणून ते शेवटी. कापूस वेचणी तर याहून सोयीची. थंडीच्या दिवसांत येते, मजुरी किलोवर, वेग ज्याचा त्याचा.

आणि पैसे त्याच्या हातात द्या. आईच्या हातात दिले तर काम झालं, पण त्या २६ पैकी पैशाच्या प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं.

शिकणाऱ्याचंही असंच. पूर्ण वर्ष बुडवण्यापेक्षा दोन-तीन विषय द्यावेत, बाकीचे पुढच्या परीक्षेला. अभ्यास वीस मिनिटं, मग उठायचं.

[दृश्य: कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद. अक्षर त्याचंच.]

अंगात जीव आला की गोळी बंद करावीशी वाटते. अमेरिकेत या आजाराच्या पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो: पाच वर्षांत दहापैकी आठ जणांचा आजार उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांना धोका जवळजवळ पाचपट. उलटण्याआधी मात्र बहुतेकदा काही दिवस किंवा आठवडे मिळतात. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या: कुणाची झोप दोन तासांवर येते, कुणी मोबाईलचं कार्ड काढून टाकतो, कुणी घरातलं ताट सोडून बाहेरच खातो. बरा असताना त्यानंच त्या लिहून काढायच्या, खाली डॉक्टरांचा नंबर. यातल्या दोन दिसल्या की तारखेची वाट न बघता जायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सज्ञान माणसाला एक हक्कही दिला आहे: पुन्हा आजारी पडलो तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं, हे आधीच लेखी ठेवता येतं.

भगताकडे जाण्यावरून घरात भांडण नको. जायचं तर जा. गोळी चालू ठेवून, उपाशी न ठेवता, धुरी न देता. साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी आहे.

"लग्न लावून द्या, सुधरेल" हा सल्ला मात्र ठाम नाकारावा. आजार लपवून लग्न झालं की गोळी लपते, लपलेली गोळी चुकते, आणि वर जागरणं, पाहुणे, हळदीचा डीजे. मुलींबाबत आणखी एक: रिस्पेरिडोन या औषधानं पाळी थांबू शकते. सासरी त्याला दिवस गेले समजतात, किंवा वांझ म्हणतात. पाळी थांबली की आधी गरोदरपणाची तपासणी, मग डॉक्टरांशी बोलणं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

जीव देण्याचा धोका पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जास्त असतो. भास गेल्यावर आपलं काय झालं ते कळायला लागतं, आणि ते कळणं जड जातं. कापसाच्या घरात फवारणीचे डबे खाटेखाली असतात. ते कुलपात ठेवा, किल्ली शेजाऱ्याकडे. मनात काय चाललंय ते त्याला थेट विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात जात नाही.

सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. पण पहिल्या झटक्याच्या पुष्कळ जणांवर भरती न करता उपचार होतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मध्यरात्री विचारायचं तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, फुकट, मराठीत. धडगावच्या पाड्यावरून महिन्याला एसटीनं यायचं म्हणजे एक रोज बुडतो. अशांनी महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल जरूर विचारावं.

[दृश्य: संध्याकाळ, ओटा. दोन स्टीलचे ग्लास.]

मित्रानं काय करायचं? "काय झालं होतं रे तुला?" हे विचारायचं नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी यायचं, अर्धा तास बसायचं. तो बोलला नाही तरी पुढच्या वारी यायचं.

"चाल भो, चहा पिसूत."

पहिले तीन-चार वेळा तो आतूनच नाही म्हणेल.